पाच अक्षरं मावतात

नुमाकुनाई आजोबांच्या दुकानावर पाटी घड्याळदुरुस्तीची.
घड्याळं आता कोण आणतं?
माझ्यासारखी माणसं येतात, चाळिशीला टेकलेली,
हातरुमालात गुंडाळलेली एक करडी वडी काढतात
आणि न विचारताच सांगतात, मुलाची आहे.

मी तसं म्हटलं नाही.
म्हटलं, खेळ माझा आहे. आतला एकजण माझा नाही.
आजोबांनी मान हलवली, जणू हे रोजचंच.

नव्याण्णवचा मार्च. हाचिनोहेचा धक्का.
बर्फाचा काळा चिखल झालेला,
बांगड्याच्या पालथ्या खोक्यांवर आम्ही दोघं समोरासमोर,
मध्ये हातभर केबल.

इत्सुरोकडे एक जीव होता, काडेपेटीएवढा,
सहा पाय, शेपटीला दिवा.
लढाईत अगदीच कुचकामी:
समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड पाडायचा
आणि मग निमूट मार खायचा.
नाव त्याला बापाच्या बोटीचं दिलेलं,
दाइसान कोएइ मारु.
पण खेळातल्या चौकटीत पाचच अक्षरं मावायची.
दाइसान्को.
तिथेच बोट कापली गेली.

"एक रात्र दे," मी म्हणाले.
"काही जीव दुसऱ्याच्या हाती गेल्यावरच मोठे होतात."
हे मी मासिकात वाचलं होतं.
नसेलही वाचलं.
बदल्यात मी त्याला चिखलकिडा दिला,
पहिल्याच गवतात पन्नास सापडतात तसला.
केबलमधून जाताना एक ठिपका दिसला फक्त,
त्याच्या पडद्यावरून निघालेला,
मग बराच वेळ कुठेच नसलेला,
मग माझा.

बोट विकली गेली होती.
दुसऱ्या रात्री दहाच्या फेरीनं
ते घर उचलून तोमाकोमाईला निघाले होते,
हे सगळ्या धक्क्याला ठाऊक होतं.
मलाही.
म्हणून तर एक रात्र म्हणाले.

मोठा तो झालाच नाही.
सातही पदकं जिंकली मी, दऱ्या ओलांडल्या,
मीठगुहेतला आंधळा साप धरला,
पण याला हुकूम सोडावा तर हा डुलकी काढणार,
नाहीतर स्वतःच्याच शेपटीकडे बघत बसणार.
नाव तरी बदलावं म्हणून
खेळातल्या नाव बदलणाऱ्या म्हातारीकडे नेलं.
ती म्हणाली, ज्यानं ठेवलं त्याला घेऊन ये.
दर वेळी तेच म्हणाली.
वीस वेळा तरी गेले असेन.

आजोबांनी एकुलता स्क्रू काढला.
आत बटणाएवढी बॅटरी.
"सगळं हिच्याच जिवावर लक्षात राहतं," म्हणाले,
"हिला उचलायची, नवी बसवायची,
तोवर बाहेरून दोन तारांनी धुगधुगी ठेवायची.
तार हलली की संपलं."
त्यांचा हात थरथरत होता.
मी पाहिलं, बोलले नाही.
राळेचा धूर माझ्या नाकात गेला,
कॅनिंगच्या कारखान्यात आठ तास बांगडा भरून
ज्या नाकाला कसलाच वास येत नाही, त्या नाकात.

पडदा उजळला.
'पुढे चालू.'
मी श्वास सोडला तेव्हा कळलं की धरला होता.
घड्याळ तेवढं विसरलं होतं.
खेळानं विचारलं: आता किती वाजले?
भिंतीवर चाळीसेक घड्याळं,
प्रत्येकाचं म्हणणं वेगळं.
बाहेर चांगलं ऊन होतं.
मी भरलं, रात्रीचे दहा.

गवतावर अंधार पडला.
चार पावलांवर एक काटेरी बेडूक आडवा आला.
मी दाइसान्कोला पुढे केलं,
म्हटलं, दिवा लाव.

तो वळला.
माझ्याकडे पाठ करून बसला,
पंचवीस वर्षं बसतोय तसाच.

"यात काही बिघाड राहिला का?" आजोबांनी चष्मा वर केला.
नाही, म्हटलं. तो असाच आहे.
अठराशे येन झाले.
बेडकानं त्याला दोनदा मारलं तोवर.